चार दिवसांसाठी घोडी

जानेवारीतला दुसरा शनिवार. उपस्थिती : मी, आमचे हे, मुलगी केतकी, माझा थोरला भाऊ विलासदादा, सुनीतावहिनी, शेजारचे इनासकाका आणि त्यांचं लग्नघर, एक ब्रास बँड, एक घोडी, आणि घोडीचा मालक बबन. यांपैकी शेवटच्या दोघांना माझ्या माहेरी मी नेलं. बाकीचे आपापल्या कामाने तिथे होते, आणि मी गेले नसते तर त्यांचं काम सुरळीत पार पडलं असतं.

घोड्यांशी माझा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. मी वालीवला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात माल रवाना करायचं काम बघते आणि चंदनसारला आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. दोन्हीकडे माझी ख्याती एकच : नंदाताईंकडे काम दिलं की यादी होते, आणि यादी झाली की काम होतं. (आमचे हे म्हणतात, "यादी झाली की माणसं पळतात." पण ते स्वतः सर्वांत आधी पळणाऱ्यांतले, म्हणून मी मनावर घेत नाही.)

सुरुवात केतकीने केली. ती मैत्रिणींबरोबर अर्नाळ्याला गेली होती. तिथे किनाऱ्यावर तिला एक पांढरी घोडी दिसली आणि तिने लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला : "हिला वाचवा!" खाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी सेक्रेटरी या नात्याने तत्काळ उत्तर दिलं, "कृपया या ग्रुपवर सोसायटीविषयक मजकूरच टाकावा!!" पोटच्या मुलीलाही मी नियमातून सूट देत नाही, हे सर्वांना दिसावं म्हणून शेवटी दोन उद्गारचिन्हंही टाकली. त्या रात्री पोटच्या मुलीने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं.

"आई, तिच्या बरगड्या मोजता येतात."

"मोजल्यास?"

"आई!"

आता माझा स्वभाव असा, की कुणी रडायला लागलं की मला पेन हवं असतं. मी म्हटलं, रडून घोडी जाड होत नाही. प्रत्यक्ष पाहणी करू, काय ते ठरवू आणि विषय संपवू. शुक्रवारी अर्धी रजा टाकून आम्ही अर्नाळ्याला गेलो.

किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि नारळाच्या झापांच्या एका मांडवाखाली ती घोडी उभी होती. नाव चमेली. केतकीने अतिशयोक्ती केली नव्हती. बरगड्या दिसत होत्या, खुरं वाढून चपलेसारखी पुढे आली होती आणि पाठीवर खोगिराने केलेली जखम होती. मालकाला चांगलं सुनावायचं म्हणून मी वाक्यं जुळवूनच ठेवली होती. तेवढ्यात मालक आला. चाळिशीतला सडपातळ माणूस, काळा गॉगल, अंगात टिकल्यांचा जांभळा शर्ट. आल्या आल्या त्याने आपल्या हातातली अर्धी भाकरी घोडीच्या तोंडात दिली आणि उरलेली अर्धी स्वतः खाल्ली. मी जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवली आणि धंदा कसा चाललाय ते विचारलं.

"एक काळ व्हता ताई," बबन म्हणाला, "विरारपासून बोईसरपर्यंत घोडी म्हटली का बबन! आता नवरे जीपमदी येतात. बुलेटवर येतात. मागच्या सालात एक नवरा जेसीबीच्या तोंडात बसून आला!"

"जेसीबीच्या?"

"वरून फुलं टाकीत! आता सांगा, माझी चमेली जेसीबीपुढं काय करनार? त्यात पौष लागला, आमच्या लोकांची लग्नं बंद. पोरांना फिरवायची, तर पाठीला हे झालं. मंग कोनाला बसवू? आनि बसवलं नाय तर हिला खायला काय घालू?"

"मग आता?"

"रविवारी यापारी येतो. वीटभट्टीवाला."

"तिथे हिच्याकडून काय करून घेणार?"

बबनने गॉगल नीट केला. आभाळ भरून आलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. "गाडी वढायला," तो म्हणाला आणि घोडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

केतकी माझ्याकडे बघत होती. व्यापाऱ्याला देऊ नकोस, मी हिची सोय करते, असं मी म्हटलं, तशी घोडीच्या पलीकडून बबनची मान होकारार्थी हलली. ह्यांनी खिशातून न सांगता पेन काढून दिलं. (पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं तरी व्हायलाच हवं.) मी तिथेच, उलट्या होडीवर बसून यादी केली : डॉक्टर. जागा. वाहन. तीनच तर गोष्टी! एवढ्याशा कामासाठी लोक संस्था काढतात, देणग्या गोळा करतात, याचं मला त्या क्षणी मनापासून हसू आलं.

जनावरांचे डॉक्टर त्याच संध्याकाळी आले. त्यांनी खुरं कापली, मलम दिलं आणि बजावलं, "रोज थोडं चालवा. पण पावसाळा लागेपर्यंत पाठीवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही." मी डॉक्टरपुढे खूण केली.

जागेसाठी माहेरी फोन लावला. वसईच्या खाडीकाठी दादाची भातशेती आणि भाजीची वाडी आहे. फोन वहिनीने उचलला.

"वहिनी, आपला गोठा रिकामाच आहे ना गं?"

"हो. म्हशी विकल्यापासून रिकामाच. का गो?"

"सहज."

जागेपुढे खूण केली.

वाहन म्हणजे आमच्या कारखान्याचा टेम्पो. शनिवारी दुपारनंतर तो मोकळा असतो. तिसरी खूण. शुक्रवारी झोपताना मी ह्यांना म्हटलं सुद्धा, "लोक उगाच बाऊ करतात."

शनिवारी दुपारी टेम्पो अर्नाळ्याला पोचला. मागचं फळकूट उतरवून फळ्यांचा उतार केला, त्यावर गोणपाट घातलं, वर गवत पसरलं. बबन म्हणाला, "काय काळजी करू नका. टेम्पोची सवय हाय तिला. आत्ता चढंल बघा." चमेलीने उताराकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

गाजर दाखवलं. खाल्लं. गूळ दाखवला. खाल्ला. भिजवलेले हरभरे दाखवले. तेही खाल्ले, पण पाय एक बोटभर हलवला नाही. एकूण तिचा समज असा झालेला दिसला की, ही माणसं खास हिला खाऊ घालायला इतक्या लांबून टेम्पो करून आलीत. ह्यांना मागून ढकलायला लावलं. तिने शेपटीने ह्यांचा चष्मा उडवला. टेम्पोवाला घड्याळ दाखवत म्हणाला, "मॅडम, खोका होता तो अब तक वसई पहुँच जाता." बबन तिच्या कानात बराच वेळ काहीतरी बोलला. तिने त्याचं ऐकून घेतलं. बस्स, ऐकूनच घेतलं.

एवढ्यात सहलीची एक बस किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. आतल्या पोराटोरांनी स्पीकर सोडला होता आणि त्यावर वरातीत वाजतं तसलं एक धडाडधूम गाणं. चमेलीचे कान उभे राहिले. मान वाकली. पुढचा उजवा पाय उचलला, मग डावा, मग पुन्हा उजवा... आणि बरगड्या मोजता येणारी ती घोडी, सांगते तुम्हांला, ठुमकत ठुमकत बसच्या दिशेने निघाली!

"बाबा, फोन!" केतकी ओरडली. ह्यांचा फोन तिने ओढून घेतला, तसलंच गाणं लावलं आणि टेम्पोत उडी मारली. चमेली वळली आणि नाचत नाचत उतारावरून वर चढून गेली.

"मी तेच सांगनार व्हतो," बबन म्हणाला.

अडचण एवढीच झाली की गाणं थांबलं की चमेलीला वाटायचं, वरात पोचली. मग ती टेम्पोच्या फळीवर लाथा घालून उतरायला मागायची. म्हणून हे तिच्या शेजारी फोन धरून उभे राहिले. आगाशी गेलं. निर्मळ गेलं. गिरिजच्या अलीकडे ह्यांच्या फोनची बॅटरी संपली. केतकीची किनाऱ्यावर फोटो काढण्यात आधीच संपली होती. माझा फोन कामाचा. त्यात मी गाणी ठेवत नाही आणि रेंजही नेमकी गेली. फळीवर पहिली लाथ बसली.

त्यापुढचा रस्ता आम्ही कसा काटला ते मी सोसायटीत कुणाला सांगितलेलं नाही. हे टेम्पोचा पत्रा बडवत होते, केतकी तोंडाने पिपाणी वाजवत होती, आणि मी, एका जबाबदार सोसायटीची सेक्रेटरी, पुढच्या सीटवरून मागच्या खिडकीत तोंड घालून "ढॅणटढॅण ढॅणटढॅण" म्हणत होते. सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षातल्या बाईने आपल्या लहान मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं.

माहेरच्या अंगणात टेम्पो थांबला. दादा ओटीवर आला. दादा कमी बोलतो, पण जे बोलतो ते टोचेल असं बोलतो.

"काय गो नंदे, हे काय?"

"घोडी."

"ते दिसतंय. आपल्याकडं का?"

"चार दिवसांसाठी, दादा. कायमची जागा मिळेपर्यंत."

"चार दिवसांसाठी ठेवलेलं तुझं लोखंडी कपाट सात वर्षं माझ्या ओटीवर उभं हाय."

"दादा, कपाट वेगळं."

"हो. कपाटाला गवत लागत नाय."

एवढ्यात टेम्पोच्या मागून बबन उतरला. तो घोडी पोचवून परत जाणार, असं मी धरून चालले होते. मागोमाग त्याची पत्र्याची पेटी, स्टो, वळकटी, जरीची मोठी छत्री आणि टोपलीत एक कोंबडा.

"हे कोण?" दादाने विचारलं. माझ्याही मनात नेमका तोच प्रश्न होता. घोडीची जागा, घोडीचा डॉक्टर, घोडीचं वाहन, सगळं माझ्या यादीत होतं. मालकाचं काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता!

"मी बी चारच दिवस," बबन पेटी खाली ठेवत म्हणाला. "घोडी नसंल तर अर्नाळ्याला मी कोनापाशी ऱ्हाऊ, दादा?"

वहिनी मागच्या दारातून हे ऐकत होती. ती आत गेली आणि भात वाढवायला तांदूळ घेऊन बाहेर आली. दादाने तांदळांकडे पाहिलं, मग मला बाजूला घेतलं.

"नंदे, नीट ऐक. उद्या इनासच्या पोराचं लग्न. आज संध्याकाळी उंबराचं पाणी, ते आपल्या विहिरीवर. त्याच्या आजापासून चालत आलंय. काही गोंधळ झाला, तर उद्या सकाळी ही घोडी पुन्हा अर्नाळ्याला. समजलं?"

समजलं. इनासकाका म्हणजे आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. त्यांच्या कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्या मुलाला न्हाऊ घालतात. ती उंबराखालची विहीर आमच्या वाडीत. आणि अर्नाळ्याला उद्या सकाळी कोण येणार, तेही समजलं. मी घाईघाईने म्हटलं, "दादा, गोंधळ कसला? घोडी गोठ्यात, पाणी विहिरीवर. दोघांचा संबंध काय?"

"वाजतगाजत म्हणजे?" केतकीने विचारलं.

"ब्रास बँड," दादा म्हणाला.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. हे हळूच म्हणाले, "मी टेम्पोवाल्याला सोडून येतो," आणि वाडीच्या बाहेर निघून गेले. (ते बराच वेळ आले नाहीत. टेम्पोवाला तर ते निघायच्या आधीच गेला होता.)

मी कामाला लागले. गोठ्याला दार नव्हतं. म्हशींना कधी दाराची गरज पडली नव्हती. दावं घेतलं आणि कारखान्यात खोकी बांधतो तशी पक्की गाठ मारून चमेलीला खुंट्याला बांधलं. घरातला कापूस आणून तिच्या दोन्ही कानांत घातला. तिने मान झटकली, कापूस दादाच्या वाफ्यात. पुन्हा घातला. पुन्हा वाफ्यात. वहिनी म्हणाली, "अगो, राहू दे. रेडिओ लावून ठेव तिच्यापुढं, बातम्यांचा. तिला झोप येईल." कल्पना मला पटली. आकाशवाणीवर शेतमालाचे बाजारभाव चालू होते. चमेली डोळे मिटून ऐकू लागली. मी बबनला म्हटलं, "बघितलंस? नियोजन असलं की सगळं होतं."

आणि पलीकडच्या पाणंदीत पहिला ढोल वाजला.

चमेलीने डोळे उघडले. ती धावली नाही, उधळली नाही, लाथ सुद्धा मारली नाही. कामावर हजर व्हायला निघालेल्या माणसासारखी ती शांतपणे चालू लागली. माझी गाठ सुटली नाही, हे इथे नमूद करते. खुंटाच उपटून आला. खुंटा ओढत, वांग्यांची एक ओळ आडवी करत, चमेली बांधावर पोचली आणि मिरवणुकीत बरोब्बर बँडच्या मागे, नवऱ्याच्या घोडीच्या जागी, जाऊन उभी राहिली.

पुढे कर्नेट फुंकणारे आणि ढोलवाले, मध्ये चमेली, मागे लाल लुगडी नेसलेल्या बायका, आणि त्यांच्या पुढे हातात कळशी घेतलेली इनासकाकांची म्हातारी आई, मेरीआजी. चमेलीच्या लगेच मागे मी, खुंट्याच्या दोरीला लोंबकळत. बांधावरची वाट एकाच माणसापुरती. दोन्ही बाजूंना वाल लावलेला. ना तिला पुढे काढता येत होतं, ना मागे.

"ए विलास!" इनासकाका मागून ओरडले. "आपल्याकडं पाण्याला घोडी कधीपासून?"

"नंदीला विचार!" दादा विहिरीवरून ओरडला.

विहिरीपर्यंत मिरवणूक चमेलीच्या चालीने गेली. म्हणजे दोन पावलं पुढं, मग नाच. बँडवाल्यांना असा कद्रदान आयुष्यात मिळाला नसावा. ते चेवाने वाजवू लागले. उंबराखाली बायकांनी पाणी शेंदलं, गाणी म्हटली, सगळं विधिवत झालं. चमेली बाजूला अदबीने उभी. मी दोरी जरा सैल सोडली. तेव्हा मेरीआजीने भरलेली कळशी कठड्यावर टेकवली आणि चमेलीने तिच्यात तोंड घातलं.

बँड थांबला. वालावरचे बगळे उडाले. दादाने दोन्ही हात डोक्याला लावले. मी मनात अर्नाळ्याचा टेम्पो ठरवू लागले.

मेरीआजीने कळशीत बघितलं. मग घोडीच्या बरगड्यांकडे बघितलं. "तानेली दिसतेय," ती म्हणाली. "पिऊ दे. विहीर काय आटली नाय. दुसरी कळशी भरा गो!"

गोंधळ इथेच संपला असता तर मी हा लेख लिहिलाच नसता. दुसरी कळशी भरून मिरवणूक परत निघाली, तशी चमेलीही निघाली, थेट इनासकाकांच्या मांडवापर्यंत. मांडवाच्या दारात येऊन मात्र ती थांबली, ती थांबलीच. आडवी. आत अर्धं गाव जेवणाची वाट पाहत बसलेलं, बाहेर पाणी घेऊन आलेल्या बायका, आणि मध्ये चमेली. गूळ दाखवला, खाल्ला. ओढली, ढकलली, इनासकाकांनी टोपी काढून विनवलं. नाही.

बबनने डोकं खाजवलं. "ताई, तिचं काय चुकलं नाय. मांडवाच्या दारात थांबायचं. नवरा उतरनार, त्याला ओवाळनार, मग हिनं बाजूला व्हायचं. हेच केलंय तिनं जलमभर. नवरा उतरल्याबिगर ती हलनार कशी?"

"अरे, पण तिच्यावर नवरा बसलेलाच नाही!"

"म्हनून तर उतरत नाय."

"मग बसवा कुणालातरी!" इनासकाका म्हणाले.

"खबरदार!" मी म्हटलं. "डॉक्टरांनी पाठीवर काही ठेवायचं नाही म्हणून सांगितलंय."

भात निवत होता. तेव्हा केतकीने ती भयंकर कल्पना काढली. घोडीच्या शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायची, त्यावर कुणीतरी उभं राहायचं, घोडीच्या मानेवर हात ठेवायचा, आणि तिथून समारंभाने खाली उतरायचं. घोडीला वाटेल, नवरा उतरला.

"बबन, चढ," मी म्हटलं.

"मी चालनार नाय. मला वळखते ती. नवरा नवीन लागतो."

"दादा?"

"घोडी कोणी आणली?" दादाने शांतपणे विचारलं.

साऱ्या मांडवाने माझ्याकडे पाहिलं. हे मांडवात आतल्या बाजूला, पहिल्या रांगेत बसलेले मला तेव्हा दिसले. पुढ्यात पत्रावळ होती.

मी खुर्चीवर चढले. बबनने पेटी उघडून कुणा जुन्या नवऱ्याचा गुलाबी फेटा माझ्या डोक्यावर बसवला आणि जरीची छत्री धरली. बँडने लग्नातली चाल सुरू केली. मी चमेलीच्या मानेवर हात ठेवला. तिने मागे वळून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आयुष्यात तिने नाना तऱ्हेचे नवरे पाहिले असतील, पण पन्नाशीतला, सलवार-कमीज घातलेला, चष्म्याचा नवरा पहिलाच असावा. मेरीआजीने आतून ताट मागवून घेतलं. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, मला ओवाळलं, माझ्या तोंडात गूळ घातला आणि माझ्या हनुवटीला धरून म्हणाली, "नवरा गोरा हाय, पन वय जरा जास्त झालंय."

"उतरा आता!" मांडव ओरडला.

मी उतरले. म्हणजे उतरायला गेले. खुर्चीचा पाय सारवलेल्या जमिनीत रुतला, खुर्ची कलली आणि मी फेट्यासकट दादाच्या अंगावर पडले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चमेलीने समाधानाने फुर्र केलं आणि तीन पावलं बाजूला होऊन वाट मोकळी केली.

(हा सगळा प्रसंग लग्नाच्या व्हिडिओवाल्याने टिपला. सोमवारी तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर होता. खाली पहिलीच प्रतिक्रिया चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांची : "कृपया या ग्रुपवर सोसायटीविषयक मजकूरच टाकावा!!")

जेवणं झाली. मी अंगणात दादाची वाट बघत बसले होते. मनात सगळं मांडून झालं होतं : सकाळी टेम्पो शोधावा लागणार, वीटभट्टीवाला येणार, केतकी पुन्हा जेवणार नाही. दादा कुठे दिसेना. शेवटी गोठ्याकडे गेले. दादा अंधारात बसून चमेलीला एकेक वांगं भरवत होता. तिने आडवी केली होती तीच वांगी.

"वाया जातील म्हणून," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"दादा, उद्या सकाळी..."

"म्हातारी म्हणते, उद्या देवळात जाताना नवऱ्याच्या गाडीपुढं हीच पाहिजे. नुसती चालायला. आता मी म्हातारीला नाय कसा म्हणू?"

"आणि त्यानंतर?"

"घोडी राहू दे. बबनपण राहू दे, वाल तोडायला माणूस हवाच हाय मला." मग त्याने शेवटचं वांगं दिलं आणि हात झटकले. "तू मात्र चार दिवस येऊ नको."

रविवारी नवऱ्याची गाडी चमेलीच्या मागून, तिच्याच चालीने, नाचत थांबत देवळात (तिकडे चर्चला देऊळच म्हणतात) पोचली. फादर दारात उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, आणि प्रवचनात संयम या विषयावर जरा जास्तच बोलले. तिकडे अर्नाळ्याहून व्यापाऱ्याचा फोन आला, तेव्हा बबन बँडच्या गोंगाटात उभा होता. "घोडी कामावर गेलीय!" असं तीनदा ओरडून त्याने फोन ठेवला. गॉगल त्या दिवशीही त्याच्या डोळ्यांवर होता. पण त्या दिवशी ऊन खरंच होतं.

आता होळी होऊन गेली. बरगड्या मोजायला गेलं तर आता चुकायला होतं. खाडीकाठच्या चार गावांत चमेलीला बोलावणी येतात, फक्त पुढे चालायची, नाचायची. बबन सकाळी वाल तोडतो, संध्याकाळी टिकल्यांचा शर्ट घालतो. कोंबडा वहिनीचं ऐकतो, बबनचं ऐकत नाही.

यादीतलं एकच काम राहिलंय : घोडीसाठी कायमची जागा. ते मी पहिल्याच आठवड्यात हाती घेतलं होतं. अर्नाळ्याचा एक रिसॉर्टवाला आला, त्याला ती फोटोपुरती हवी होती. बाद. एका बंगलेवाल्याला मुलाच्या वाढदिवसाला हवी होती. बाद. मग वाडा तालुक्यातून एक गृहस्थ आले. मोठं कुरण, पक्का तबेला, घरचाच जनावरांचा डॉक्टर, दोन म्हातारी घोडी आधीच सांभाळलेली, आणि बबनलाही नोकरी द्यायला तयार. मी त्यांना लेखी प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर. तोंडी विचारले. तीही बरोबर. इतका निर्दोष माणूस मी खोक्यांच्या धंद्यातही पाहिलेला नाही. "विचार करून कळवते," मी म्हटलं.

ते गेल्यावर बबनने विचारलं, "काय कमी हाय ताई त्यांच्यात?"

"लांब पडतं रे."

"चमेलीला?"

"छे. मला."

त्या सज्जनांचा दर आठवड्याला फोन येतो. त्यांना नकार कळवायचा राहिलाय. आज नक्की कळवणार होते, पण नकाराला एखादं सभ्य कारण तर हवं ना! ते शोधायला मी दर रविवारी स्वतः वसईला जाते, तास दोन तास गोठ्यात बसते, आणि गाजरं संपली की परत येते.